पायाळू बाळ, वळलेलं पाऊल, मानेतली गाठ... आणि कुणीच न विचारलेला खुबा

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पहिलंच बाळ, मुलगी, पाच आठवड्यांची, पोटात पायाळू होती म्हणून सिझर झालं. डावं पाऊल आत वळलेलं आहे. पंधरा दिवसांपासून मानेत उजवीकडं टणक गाठ हाताला लागतीय आणि बाळ सारखं डावीकडंच बघतंय. दवाखान्यात पायाला प्लास्टर घालायला लागेल म्हणून सांगितलं, खरं रोज आंघोळ घालायला येणाऱ्या आज्जी म्हणतात, "एवढ्याशा जीवाला कशाला ओ प्लास्टर, मी सव्वा महिन्यात तेलानं सरळ करतो की". सासूबाईंचं म्हणणं ग्रहणात भाजी चिरली त्याचं हे. शिवाय जाऊबाईंचा मुलगा दीड वर्षाचा, त्याच्या पायांना बाक आहे, त्याला बेळगावातून स्पेशल बूट आणायचे का.

ताई, तुम्ही सगळं विचारलंत, फक्त खुबा तेवढा राहिला. मी बेळगावात लहान मुलांच्या हाडांचंच काम करतो, खानापूरपासून अथणीपर्यंतची आणि पलीकडून चंदगड, गडहिंग्लजची पोरं येतात, आणि सगळीकडं एकच उलटा प्रकार बघतो. जे आपोआप बरं होणार असतं त्याच्यासाठी लोक बूट घेतात, पट्टे घेतात, चार डॉक्टर फिरतात, आणि ज्याला एक महिनासुद्धा थांबता येत नाही त्याला "मोठं झाल्यावर बघू" म्हणून ठेवतात. तुमच्या घरात आत्ता या दोन्ही तऱ्हा एकत्र आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पायाळू बाळाबद्दल आपल्याकडं काय काय बोलतात, पायाळू माणसानं लाथ मारली की कंबरेतली चमक जाते, पायाळूवर वीज पडते, जमिनीतलं पाणी दिसतं. ते असू द्या. माझ्या दृष्टीनं पायाळूचा अर्थ एकच, बाळ शेवटचे दोन-तीन महिने पोटात बसलेलं होतं, पाय पुढं वर दुमडलेले, आणि त्या अवस्थेत मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीतून बाहेर सरकायची शक्यता वाढते. मुलगी असेल तर आणखी वाढते, पहिलं बाळ असेल तर आणखी, कारण पहिल्या खेपेला पिशवी घट्ट असते आणि बाळाला हलायला जागा कमी. मानेची गाठ असलेल्या बाळांत पण खुब्याचा दोष इतरांपेक्षा जास्त सापडतो. तुमच्या मुलीत ह्या चारही गोष्टी आहेत. म्हणजे खुबा बिघडलाच आहे असं नाही, उलट बहुतेक तो ठीकच निघेल, खरं बघितल्याशिवाय सोडायचा नाही. सिझर झालं म्हणून धोका गेला असंही समजू नका, काय व्हायचं ते पोटात बसल्यानं होतं, बाहेर कुठल्या वाटेनं आलं त्याचा फार फरक पडत नाही.

आणि खुब्याची मोठी अडचण ही की तो दुखत नाही. पाऊल वळलेलं सगळ्यांना दिसतं, गाठ हाताला लागते, निखळलेला खुबा मात्र गप्प असतो, बाळ हसतं, दूध पितं, पाय झाडतं. मांडीवरच्या वळ्या दोन्ही बाजूंना सारख्या नाहीत म्हणून लोक घाबरून येतात, ती खूण तेवढी भरवशाची नाही, चांगल्या खुब्याच्या कितीतरी बाळांच्या वळ्या कमीजास्त असतात. जास्त कामाची खूण म्हणजे लंगोट बदलताना दोन्ही मांड्या बाहेर उघडतात का ते बघणं, एक मांडी अडत असेल तर लगेच दाखवायचं, आणि ही खूणसुद्धा दोन-तीन महिन्यांनंतरच नीट कळते. दोन्ही खुबे निखळलेले असले तर दोन्ही बाजू सारख्याच अडतात, मग आईला फरक दिसणार कसा? ते पोर दीड वर्षाचं होऊन डुलत चालायला लागतं तेव्हा घरचे म्हणतात आजोबांची चाल आलीय.

म्हणून पायाळू बाळाची खुब्याची सोनोग्राफी, आपल्याकडं ज्याला सरसकट स्कॅनिंग म्हणतात, ती साधारण सहा आठवड्यांची झाली की करून घ्यायची, डॉक्टरनी हातानं तपासून ठीक आहे म्हटलं असलं तरीही. तुमची पाच आठवड्यांची आहे, म्हणजे पुढच्या आठवड्यात. यात रेडिएशन नसतं, सुई नसते, पाच-दहा मिनिटांचं काम. एक्स-रे आत्ता काढू नका, या वयात गोळा सगळा कूर्चेचा असतो तो एक्स-रेत उमटतच नाही, चार ते सहा महिन्यांनंतर त्यात हाड दिसायला लागतं, तेव्हा एक्स-रेचा उपयोग.

खुबा सैल किंवा बाहेर निघाला तर या वयात उपाय म्हणजे पट्टे, पॅव्हलिक हार्नेस म्हणतात, पॅव्हलिक नावाच्या चेक डॉक्टरनी काढलेले. खांद्यावरून आणि पायांवरून मऊ पट्टे, त्यात बाळाचे गुडघे वर दुमडलेले आणि मांड्या बाजूला उघडलेल्या राहतात, बाळ त्यात पाय हलवू शकतं. साधारण सहा ते बारा आठवडे जवळजवळ दिवस-रात्र. वाटीत लिंबू ठेवल्यासारखा गोळा खोबणीत बसून राहिला की खोबणी त्याच्याभोवती आपोआप खोल होत जाते, गोळाच बाहेर असला तर वाटी उथळ राहते. सगळा उपाय या एका गोष्टीवर चालतो, म्हणून पहिल्या काही महिन्यांत पट्ट्यांवर भागतं, सहा महिन्यांनंतर भूल देऊन खुबा बसवून कमरेपासून पायापर्यंत मोठं प्लास्टर, आणि दीड-दोन वर्षांनंतर बहुतेक वेळा मोठं ऑपरेशन, कधी हाड कापून वळवायला लागतं. पट्टे घरी स्वतः सैल-घट्ट करू नका, आणि पट्ट्यात असताना बाळानं तो पाय झाडायचा बंद केला तर त्याच दिवशी दाखवा, जास्त दुमडल्यानं नस दबू शकते. काही जण सांगतात दोन-तीन लंगोट एकावर एक घाला, खुबा बसेल, त्यानं काही होत नाही, नुसते दिवस जातात.

इथंच दुपट्याचं सांगून टाकतो. बाळाचे पाय सरळ ताणून, जुळवून, घट्ट बांधून ठेवायची आपल्याकडं पद्धत आहे, म्हणे पाय वाकडे होत नाहीत. होतं उलटंच, सरळ ताणलेल्या पायांनी खुबा बाहेर ढकलला जातो. जपानमध्ये १९७० च्या दशकात असं गुंडाळू नका म्हणून मोहीम काढली तर खुबा निखळलेल्या बाळांची संख्या झपाट्यानं खाली आली. थंडीला गुंडाळा की, वरचं अंग गुंडाळा, कमरेखाली मोकळं सोडा, पाय बेडकासारखे दुमडलेले दिसले की समजायचं बरोबर आहे. आणि मान धरायला लागल्यावर कडेवर घ्यायची आपली पद्धत खुब्यासाठी एकदम चांगली, दोन्ही मांड्या उघडून बाळ कमरेला बसतं, याच्यापेक्षा वेगळं काही आणायची गरज नाही.

आता पाऊल. यात दोन प्रकार असतात आणि घरच्या घरी अंदाज घेता येतो. बाळ दूध पिऊन शांत असताना एका हातात टाच धरा, दुसऱ्या हाताच्या एका बोटानं पावलाचा पुढचा भाग हळूच बाहेर ढकला आणि मग पाऊल नडगीकडं वर न्या. जोर लावायचा नाही. पाऊल सहज सरळ होऊन काटकोनाच्या वर जात असेल तर ते पोटात दाबून बसल्यानं वळलंय, काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप सरळ होतं, त्याला प्लास्टर लागत नाही. टाच वर चढलेली, हाताला लहान आणि रिकामी लागते, टाचेच्या मागं आणि तळव्याच्या मधोमध खोल घडी आहे, पाऊल अर्ध्यावर येऊन अडतं, पोटरी दुसऱ्या पायापेक्षा बारीक, असं असेल तर तो क्लबफूट, आणि तो तेलानं सरळ होत नाही. हजार बाळांत साधारण एकाला असतो, मुलांना मुलींपेक्षा जास्त, आणि निम्म्यांना दोन्ही पायांना. तुमच्या डॉक्टरनी प्लास्टर म्हटलंय म्हणजे हाच दुसरा प्रकार असणार, तरी एकदा ही परीक्षा समोर करून दाखवा म्हणा, ते दाखवतील.

आज्जींचा राग नाही माझा. त्यांच्या हातात कसब असतं, बाळ-बाळंतिणीला त्यांचा आधार असतो, आणि तेल लावून हलक्या हातानं चोळलं तर बाळाला झोप चांगली लागते. खरं क्लबफूटमध्ये हाडं चुकीच्या कोनात बसलेली असतात आणि शिरा, म्हणजे रक्ताच्या नव्हेत, स्नायू-हाडं जोडणाऱ्या दोऱ्या, आखडलेल्या, ती ठराविक क्रमानं सोडवायला लागतात. नुसतं पाऊल धरून वर रेटलं की टाच खाली येतच नाही, पाऊल मधूनच मोडतं आणि तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो, मग ते सोडवायला दुप्पट कष्ट. दुसरं, उलटसुलट हातपाय ओढून विरुद्ध हात-पायाची गाठ घालणं, पायाला धरून उलटं लोंबकळवणं, मांड्या जोरात दाबून कटकट आवाज काढणं, हे कुठल्याच बाळाला नको, आणि खुब्याची शंका असलेल्या बाळाला तर अजिबात नको. आज्जींना हे स्पष्ट सांगा, रागावतील दोन दिवस.

प्लास्टरची पद्धत पॉन्सेटी नावाच्या डॉक्टरांची, मूळचे स्पेनचे, काम अमेरिकेत आयोवात. त्यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी सुरू केलेली ही पद्धत जगभर पसरायला २००० साल उजाडलं, तोपर्यंत आमच्या क्षेत्रात या पोरांची मोठमोठी ऑपरेशनं व्हायची आणि ती पोरं मोठी झाल्यावर पाय दुखून, ताठून परत यायची. आता दर आठवड्याला पाऊल हातानं थोडं थोडं बाहेर वळवून बोटांपासून जांघेपर्यंत प्लास्टर घालतात, गुडघा काटकोनात. गुडघ्याखालचं छोटं प्लास्टर घालत असतील तर का म्हणून विचारा, ते निसटतं आणि पायही वळत नाही. साधारण पाच ते सात प्लास्टर. त्यानंतर बहुतेक बाळांना टाचेमागची शीर एका छोट्या छेदानं सोडवतात, जागा बधिर करून, टाका बहुधा लागतच नाही. "शीर कापणार" ऐकलं की अर्धं घर रडायला लागतं, खरं या वयात ती शीर तीन आठवड्यांत लांब होऊन परत जुळते, शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात ते त्यासाठीच.

प्लास्टर घालताना बाळ उपाशी घेऊन या म्हणजे तिथं दूध पाजत पाजत घालता येतं, पीत असलं की पाय ढिला सोडतं. घरी गेल्यावर बोटं बघत राहा, नख दाबून सोडलं की पांढरं होऊन दोन-तीन सेकंदात गुलाबी व्हायला पाहिजे. बोटं काळीनिळी, फार सुजलेली, किंवा बोटंच आत गेली आणि दिसेनाशी झाली, म्हणजे प्लास्टर निसटलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जायचं. आणि आदल्या रात्री घरी भिजवून काढून यायला सांगितलं तर तिथंच काढायची विनंती करा, एका रात्रीत पाऊल बरंच मागं जाऊ शकतं.

खरी परीक्षा त्यानंतर, बुटांची. दोन बूट एका पट्टीवर बसवलेले, वळलेला पाय बाहेर ६० ते ७० अंश, चांगला पाय ४० अंश, पायाचा दोष एकाच बाजूला असला तरी दोन्ही बूट घालायचे. पहिले तीन महिने दिवसात २३ तास, मग रात्री आणि दुपारच्या झोपेत मिळून १२ ते १४ तास, वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत. पाय परत वळला की मी पहिलं बुटाचंच विचारतो, आणि दहातल्या नऊ वेळा उत्तर तेच येतं. पाय सरळ दिसायला लागतो, मग कुणाचं तरी लग्न येतं, फोटोत बरं दिसत नाही म्हणून बूट काढतात, मग जत्रा, मग आजोळी गेल्यावर आज्जीला पोराचं रडणं बघवत नाही. पहिल्या दोन-तीन रात्री रडतं, खरं आहे, सगळीच रडतात. दुखून नव्हे, दोन पाय वेगवेगळे झाडता येत नाहीत म्हणून. दोन्ही गुडघे एकदम दुमडून-सरळ करून खेळवायला शिकवा, चौथ्या दिवशी पोर त्या पट्टीनं पाळण्याला ठोकून मजा करायला लागतं. टाच बुटात खाली टेकलीय का तेवढं रोज बघायचं. पोटरी थोडी बारीक आणि पाऊल अर्ध्या-एक नंबरनं लहान राहील, ते जन्मभर राहतं, त्यानं पळायला-खेळायला काही अडत नाही.

ग्रहणाचं सासूबाईंना काय सांगायचं? वाद घालू नका. एवढंच विचारा की त्या दिवशी बेळगाव जिल्ह्यात किती गरोदर बायकांनी भाजी चिरली असेल, दळण दळलं असेल, त्यांच्या सगळ्यांच्या पोरांचे पाय वळले का. क्लबफूटचं नेमकं कारण बहुतेक बाळांत सापडत नाही, काही घरांत आनुवंशिक धागा असतो. तुमच्या हातून काही झालेलं नाही ताई, हे मी लेखी देतो. यल्लम्माला नवस बोलला असेल तर सौंदत्तीला जाऊन या की, फक्त प्लास्टरची तारीख चुकवू नका.

मानेच्या गाठीला घाबरायचं कारण नाही. ती कॅन्सरची नसते, मानेचा एक स्नायू, कानामागून छातीच्या हाडापर्यंत येणारा, तो आखडून जाड झालेला असतो. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात हाताला लागते, थोडी वाढते आणि चार ते सहा महिन्यांत विरघळते. तुमच्या बाळाची उजवीकडं आहे म्हणून डोकं उजव्या खांद्याकडं झुकतं आणि तोंड डावीकडं. ती गाठ चोळायची नाही, दाबायची नाही, शेकायची नाही. हनुवटी हळूच उजव्या खांद्याकडं वळवायची, आणि वेगळ्यानं उजवा कान उजव्या खांद्यापासून लांब, म्हणजे डोकं डाव्या खांद्याकडं न्यायचं, दहा-पंधरा सेकंद धरायचं, दिवसातून बऱ्याच वेळा, लंगोट बदलताना प्रत्येक वेळी केलं की विसरत नाही. एकदा फिजिओथेरपिस्टकडून हातात हात घेऊन शिकून घ्या, लिहून हे नीट कळत नाही. पाळणा असा फिरवा की दार, उजेड, तुमचा आवाज सगळं तिच्या उजवीकडनं येईल, ती आपणहून वळेल, हा सगळ्यात स्वस्त व्यायाम. जागी असताना पोटावर पालथी ठेवा, जवळ बसून. तीन महिन्यांच्या आत सुरू केलं तर बहुतेक बाळांना ऑपरेशन लागत नाही, वर्षानंतरही मान आखडलेली राहिली तर लागतं. मोहरीची उशी डोकं गोल व्हायला ठेवतात, झोपताना ती नको, सपाट अंथरूण आणि उताणं, हेच सुरक्षित.

दिराच्या मुलाला बूट घेऊ नका, पैसे वाचवा. दीड-दोन वर्षांपर्यंत पायाला बाहेरून बाक असणं हा निसर्गाचा क्रम, मग तो उलटा फिरतो, तीन-चार वर्षांचं झालं की गुडघे एकमेकांना घासायला लागतात, तेव्हा परत लोक घाबरून येतात, आणि सात-आठ वर्षांपर्यंत सरळ होतं. सपाट तळव्याचंही तसंच, लहान पोरांच्या तळव्यात चरबी असते, कमान पाच-सहा वर्षांपर्यंत दिसत जाते, चवड्यावर उभं केल्यावर कमान दिसली की विषय संपला. अमेरिकेत १९८९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात सपाट पायांच्या मुलांना तीन वर्षं खास बूट आणि सोल घालून बघितले, साध्या बुटांपेक्षा काही फरक पडला नव्हता. आपल्याकडं अंगणात अनवाणी फिरणारी पोरं त्या बाबतीत नशीबवान.

फक्त काही गोष्टी बघा. बाक एकाच पायाला आहे किंवा दोन वर्षांनंतर वाढत चाललाय, तर दाखवून घ्या. मनगटं रुंद आणि फुगीर लागतात, छातीच्या बरगड्यांवर मण्यांची ओळ लागते, टाळू अजून भरली नाही, दात उशिरा, तर तो मुडदूस, तिथं व्हिटॅमिन डी कमी असतं आणि एक्स-रे, रक्ततपासणी लागते. तुमच्याकडं जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात महिनोन्महिने ऊन दिसत नाही, त्यात सव्वा महिना बाळ खोलीत, आणि आईच्या दुधात डी फार कमी असतं. म्हणून जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब सगळ्याच बाळांना द्यायला सांगतात, बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिले असतील तर टाळू नका. पण बाटली वाचा! काही थेंबांत एका मिलीमध्ये ४०० असतात, काहींत ८००, आणि ६०,००० ची एक छोटी बाटली मिळते ती मोठ्यांना आठवड्याला एकदा देतात. ती घरात आणून बाळाला रोज पाजलेली उदाहरणं मी बघितलीत, कॅल्शियम वाढून बाळ ओकायला लागतं, मूत्रपिंडावर येतं. सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व द्या, १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, आणि तुमच्याकडं नाचणी शेतातच पिकते, डब्यातल्या पावडरी कशाला.

विचारलेलं नाही, तरी एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो. बाळ अचानक एक पाय किंवा एक हात हलवेनासं झालं, लंगोट बदलताना किंचाळतं, दूध तोडलं, तर "आंघोळ घालताना लचकलं असेल" म्हणून चोळत बसू नका. सांध्यात पू झालेला असू शकतो. नवजात बाळाला ताप येईलच असं नसतं, अंग गारही पडतं, म्हणून ताप नाही तर काही नाही हे धरून चालू नका. खुब्यात पू झाला तर काही दिवसांत गोळा विरघळतो आणि तो परत येत नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात, रात्र असली तरी. माझ्याकडं येणाऱ्या आखूड पायाच्या मोठ्या पोरांपैकी काहींची गोष्ट अशीच असते, पहिल्या महिन्यात दोन-चार दिवस रडलं होतं, मग आपोआप थांबलं.

जन्मल्यापासूनच हात लुळा असेल तर ते वेगळं, बाळंतपणात मानेजवळची नस ताणली गेलेली असते किंवा गळपट्टीचं हाड मोडलेलं असतं. हाड दोन-तीन आठवड्यांत जुळतं, जुळताना तिथं गाठ येते ती जाते. नसही बहुतेकांची सुधारते, फक्त तीन महिन्यांचं होऊन कोपर दुमडायला लागलं नाही तर नसांच्या सर्जनना दाखवायचं, वर्षानंतर जाऊन उपयोग नाही. सहावं बोट असेल तर दोऱ्यानं बांधून पाडू नका.

स्नायूंच्या आजारांवर वेगळं लिहायला पाहिजे, खरं आपल्या भागात मामाची नाहीतर आत्याची मुलगी करतात, शेजारी मामा-भाचीचंही लग्न होतं, म्हणून एवढं लिहितो. बाळ फार मऊ, ढिलं, उचललं की हातातून निसटतं, रडणं क्षीण, पाय हलतच नाहीत, तर लहान मुलांच्या मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरना लवकर दाखवा, त्यातल्या एका आजारात आई-बाबा दोघांतही तोच दोष लपून असला, आणि नात्यातल्या लग्नात ते जास्त होतं, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते, पुढच्या खेपेआधी तपासणी होते. आणि तीन-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत चढत उठत असेल, पोटऱ्या जाडजूड, सारखा पडत असेल, तर त्याची सीपीके नावाची रक्ततपासणी करून घ्या, टॉनिक पाजत बसू नका.

आता तुम्ही नेमकं काय करायचं. या आठवड्यातच पाऊल दाखवून पहिलं प्लास्टर, आणि पुढच्या आठवड्यात खुब्याची स्कॅनिंग, चिठ्ठीवर "पायाळू, मानेची गाठ" लिहायला लावा म्हणजे बघणाऱ्याला कळतं. प्लास्टर पायाला असलं तरी खुब्याची स्कॅनिंग होते, एकासाठी दुसरं थांबवू नका. खर्चाचं म्हणाल तर केंद्राचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत, त्यात क्लबफूट आणि खुबा दोन्ही येतात, तुमच्या आशाताईंना सांगा, त्या जिल्हा इस्पितळाला पाठवायची व्यवस्था करतात. आपल्या सीमेवरच्या घरांची भानगड अशी की बाळंतपण माहेरी चंदगड नाहीतर गडहिंग्लजला, रेशनकार्ड सासरचं इकडचं. कर्नाटकातल्या योजनेला इकडचं बीपीएल कार्ड बघतात, म्हणून बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, जन्मदाखला आणि रेशनकार्ड तिन्हीच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवा, कागद कन्नडमध्ये असले तर काउंटरवर कुणीतरी वाचून देतं, लाजू नका. प्लास्टर मात्र पहिलं ते शेवटचं एकाच ठिकाणी, एकाच हाताखाली घ्या, तीन इकडं आणि चार माहेरी असं केलं की कोण कुठपर्यंत आलं ते कळत नाही. आज्जींना पण एकदा सोबत आणा, पाऊल कुठं अडतं ते त्यांच्याच हातानं बघू देत.